माफी मागायला कुणाच्या दारात जायचं?

पन्नाशी-साठीतली माणसं माझ्याकडे येतात ती सहसा झोप लागत नाही, चिडचिड होते, सुनेशी पटत नाही असलं काहीतरी सांगत. खरी गोष्ट दोन-तीन भेटींनंतर निघते, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ती एकाच प्रश्नापाशी येते: फार वर्षांपूर्वी मी एका माणसाशी वाईट वागलो, आता त्याला गाठून माफी मागू का? पूर्वी माणूस सापडायचाच नाही, त्यामुळे प्रश्न आपोआप मागे पडायचा. आता शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, स्नेहसंमेलन होतं, आणि तीस वर्षांत न दिसलेल्या माणसाचा नंबर दोन मिनिटांत मोबाइलमध्ये येऊन पडतो.

त्यात दुसऱ्या संधीच्या गोष्टींची भर. हल्ली अशा कथा-कादंबऱ्या खूप निघतात. साठीचा नायक जुन्या गावी जातो, पाऊस पडत असतो, दार उघडतं, केस पिकलेली ती समोर उभी असते आणि म्हणते, मला वाटलंच होतं तू येशील. मलाही या गोष्टी आवडतात, दिवाळी अंकात सापडली तर मी सोडत नाही. पण त्यांत लेखकाने स्वतःची एक सोय करून घेतलेली असते. ज्याच्यावर अन्याय झाला ते माणूस इतकी वर्षं दारापाशीच थांबलेलं असतं. त्याला मध्ये संसार, आजारपणं, गुडघेदुखी, विसर, काहीच नसतं.

अण्णा अशीच एक कादंबरी पिशवीत घेऊन आले होते. (त्यांना अण्णाच म्हणू. त्यांच्या आणि काकूंच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वय साठीच्या पुढे, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान, नुकतंच मुलाच्या हातात दिलेलं. सुनेनं वाचनालयातून आणलेलं पुस्तक दुपारी वेळ जाईना म्हणून त्यांनी उचललं, आणि दोन रात्रींत संपवलं. पानांत खूण म्हणून वजनकाट्याच्या पावत्या घातल्या होत्या. एक पावती जिथे होती ते पान काढून त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. नायक गुडघ्यावर बसून माफी मागतो तो प्रसंग.

"मॅडम, हे मला करायचंय. जाऊ का?"

1988 मध्ये अण्णांचा साखरपुडा झाला होता. मुलगी कराडकडची, बी.ए. झालेली. तारीख काढायची बाकी होती. तेवढ्यात तासगावकडून दुसरं स्थळ आलं, द्राक्षबागायतदाराचं, एकुलती मुलगी. वडिलांच्या दुकानावर तेव्हा कर्ज होतं. पण ठरलेलं लग्न पैशासाठी मोडलं असं बाजारात झालं तर पत जाते. म्हणून वडिलांनी बैठक बोलावली आणि चार माणसांत सांगितलं, मुलीला फिट येतात असं आम्हाला कळलंय.

"मुलीचे वडील माझ्याकडं बघत होते," अण्णा म्हणाले. "त्यांना वाटलं, हा तरी बोलेल. मी कपाकडं बघत बसलो. चहावर साय धरली होती, ती आठवती मला. मी काही केलं नाही मॅडम. नुसता बसलो होतो."

शेवटचं वाक्य ते सुटका म्हणून सांगत नव्हते. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी 1990 च्या दशकात पश्चात्तापावर अभ्यास केले. त्यांना दिसलं ते असं की, नजीकच्या काळात माणसाला केलेली चूक जास्त बोचते, पण आयुष्याकडे लांबून पाहताना जे केलं नाही तेच जास्त छळतं. केलेल्या गोष्टीची माणूस कशी ना कशी निस्तरानिस्तर करतो, तिला कारणं चिकटवतो. न केलेलं तसंच राहतं. अण्णांनी धंद्यात केलेल्या चुका मला हसत सांगितल्या. त्या कपाचं सांगताना मात्र दर वेळी आवाज उतरायचा.

फिट येणं या शब्दांचं तेव्हा वजन काय होतं, तेही सांगायला हवं, नाहीतर आजच्या पोरांना ही किरकोळ कुजबुज वाटेल. हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने, वारंवार अपस्माराचे झटके येणाऱ्या व्यक्तीला लग्नासाठी अपात्र ठरवलं होतं. ते शब्द निघाले 1999 मध्ये. म्हणजे 1988 साली चार माणसांत मुलीला फिट येतात म्हणणं म्हणजे हिचं लग्न कायद्यानेही टिकणार नाही असं जाहीर करणं. आणि खरंच येत असत्या तरी? योग्य औषधांनी सुमारे 70 टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण मिरजेसारखं डॉक्टरांचं गाव शेजारी असूनही लोक अजून नाकाला कांदा लावतात, तर तेव्हाचं काय बोलायचं.

सांगायला नको, मुलीचं लग्न पुढे तीन-चार वर्षं जमलं नाही. शेवटी लांबच्या ठिकाणी झालं. एवढं अण्णांना कुणाकुणाकडून कळत गेलं होतं.

पहिल्या दोन भेटींत मी माफीचं काही बोललेच नाही. झोप, भूक, दुकान सुटल्यावर दिवस कसा जातो, हे विचारत होते. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा असंच पश्चात्तापाच्या रूपात येतं. मन आधीच खचलेलं असतं आणि मग जुनी प्रकरणं उकरत बसतं. तसं असेल तर पत्रं लिहायची नसतात, डॉक्टर गाठायचे असतात. (कुणाशीच बोलता येत नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.) अण्णांचं तसं नव्हतं. सकाळी आमराईत फिरणं चालू होतं, भडंग हादडणं चालू होतं. दुकानामुळे ज्याच्याकडे बघायला सवड मिळाली नव्हती, ते समोर आलं होतं, इतकंच.

दरम्यान ते एकदा गाडी काढून कराडकडे निघालेही होते. तिचं माहेर तरी बघून येऊ, म्हणाले. पेठ नाक्यावर चहा प्यायले आणि परत फिरले.

"का फिरलात?"

"दारात जाऊन म्हणायचं काय, तेच सुचंना."

म्हणून मी त्यांना पत्र लिहायला सांगितलं. पाठवायला नाही, फक्त मला वाचून दाखवायला. पुढच्या वेळी चार पानं आली, सुरेख अक्षरात. तुझी आठवण आली नाही असा एकही दिवस गेला नाही, अशी सुरुवात.

"अण्णा, हे खरं आहे?"

ते थोडे घुटमळले आणि मग हसायलाच लागले. "सीझनमध्ये जेवायला फुरसत नसती मॅडम. आठवण कुठली."

"मग हे वाक्य कुठलं?"

"पुस्तकातलं."

चार पानांतलं निम्मं पुस्तकातलं निघालं. पाऊस, आयर्विन पुलावरची संध्याकाळ (ते दोघं पुलावर कधी गेलेच नव्हते, साखरपुड्यानंतर एकदा गणपती मंदिरात भेटले तेही तिच्या मावशीबरोबर), अधुरं राहिलेलं प्रेम. त्या बैठकीबद्दल एकच ओळ होती: "वडिलांच्या निर्णयापुढे माझा नाइलाज झाला." फिट हा शब्द पत्रात कुठेही नव्हता.

हे मी खूपदा पाहिलंय. जे बोलायचं असतं ते अवघड असतं, आणि कादंबरी हाताशी तयार वाक्यं ठेवून देते. मग अन्यायाची गोष्ट बघता बघता विरहाची होते. विरहात दोघंही सारखेच दुःखी असतात, त्यामुळे कुणी कुणाचं काही देणं लागत नाही. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आरन लझार यांनी माफीचा फार बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या मते खऱ्या माफीत चार गोष्टी असतात: काय केलं त्याची नेमकी कबुली, का केलं त्याचा खुलासा, मनापासूनची खंत आणि भरपाई. अण्णांच्या चार पानांत खंत भरभरून होती. उरलेल्या तीन गोष्टींचा पत्ता नव्हता.

मी त्यांना एवढंच विचारलं, "तुम्ही तिला जाऊन सांगणार, तुला फिट येत नव्हत्या. हे तिला माहीत नाही का?"

अण्णा गप्प.

"मग कुणाला माहीत नाही?"

यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर बोटांवर मोजायला लागले. मिरजेची आक्का. आष्ट्याचे चुलतभाऊ. मध्यस्थ होते ते वारले. यार्डातले दोन जुने अडते. आणि मग पाचव्या बोटाशी थांबून म्हणाले, "बायको."

म्हणजे तासगावच्या त्या द्राक्षबागायतदाराची एकुलती मुलगी.

काकूंना सांगायचं कसं, यावर आमच्या दोन भेटी गेल्या. अण्णांना धास्ती होती की तिला वाटेल, म्हाताऱ्याला जुनी आठवायला लागली. मला ती भीती कमी वाटत होती. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर बाई अशा गोष्टीला हसून सोडून देते, असा माझा अनुभव. पण या गोष्टीत पैसा होता, आणि तो त्यांच्या वडिलांचा होता. म्हणून मी म्हटलं, सांगा, पण माझ्यासमोर सांगा.

काकू आल्या, पदर खोचून बसल्या, सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी बायकांत सांगत आले, आमच्या ह्यांचं आधी एका ठिकाणी जमलं होतं, पण पोरीला फिट यायच्या, वाचलो आम्ही. माझ्या तोंडानं सांगितलंय. हळदीकुंकवाला, बारशाला, कुठं कुठं." मग नवऱ्याकडे बघून: "मला कशाला खोटं पाडलंत?"

पैशाचा विषयही निघाला. तो नंतर, घरी, बराच जोरात निघाला असं कळलं. काकू आठ दिवस माहेरी राहून आल्या. त्यात मी पडले नाही, तो त्या दोघांचा हिशेब होता. पण आठ दिवसांनी आल्या तेव्हा अण्णांना घेऊनच आल्या आणि म्हणाल्या, आधी आक्काला सांगा.

अण्णांची गाडी इथे पुन्हा अडली. "वडील गेले माझे. त्यांच्या माघारी त्यांना खोटारडा म्हणू?" हा अडसर मी हलका मानत नाही. आपल्याकडे गेलेल्या बापाबद्दल वावगं बोलणं म्हणजे पाप, आणि ही भावना नुसती बाळबोध म्हणून उडवून लावता येत नाही. आमचं ठरलं ते असं: वडिलांचं वाक्य जसंच्या तसं सांगायचं, त्यावर शेरा मारायचा नाही, आणि त्यापुढे स्वतःचं सांगायचं. मला खोटं आहे हे माहीत होतं, मी बोललो नाही. कार्यात, जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर सांगायचं नाही. तसं केलं की तो देखावा होतो आणि लोक तुम्हालाच धीर द्यायला लागतात. एकेकाला गाठून, दारात चप्पल काढून, बसून सांगायचं.

अण्णा मिरजेला गेले. आक्का त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. ऐकून घेतल्यावर आधी नेहमीचंच म्हणाल्या: झालं गेलं, आता उकरून काय मिळणार? चहा झाला. अण्णा उठणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "अरे पण मग ते स्थळ?"

कसलं स्थळ? तर चार-पाच वर्षांपूर्वी आक्कांच्या नणंदेच्या नातीला एक मुलगा सांगून आला होता. चांगला, पुण्यात नोकरीला. आक्कांनी नाव-गाव ऐकलं आणि सांगितलं, जपून हं, त्या घरात फिट आहेत, माझ्या भावाचं तिथलंच मोडलं होतं. मुलगा त्या बाईच्या सख्ख्या भावाचा. स्थळ परत गेलं.

अण्णा हे मला सांगत होते तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. इतके दिवस ते 1988 चा अपराध घेऊन फिरत होते, आणि तो अपराध चार-पाच वर्षांपूर्वी पुन्हा नव्याने झाला होता, त्यांना कळलंही नव्हतं. त्या भाच्याला आजही कारण माहीत नसणार.

त्यांनीच मग त्यांच्या धंद्यातलं उदाहरण दिलं. हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खोल. 2005 च्या पुरानंतर त्यातली बरीच गेली. त्यांत हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही, कारण आत हवाच नसते. पण त्याच कारणानं पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. आधी कंदील सोडून बघतात, विझला तर माणूसही विझेल. "मी एकदम उडी टाकायला निघालो होतो," अण्णा म्हणाले.

आक्कांनी त्यानंतर स्वतः नणंदेला फोन केला. ते स्थळ काही परत येणार नव्हतं, दोघांचीही लग्नं झालीत. पण त्या घराबद्दलचं वाक्य निदान एका तोंडातून मागे घेतलं गेलं. आष्ट्याच्या चुलतभावांपैकी एकाने अण्णांना वेड्यात काढलं. यार्डातल्या जुन्या अडत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आम्हाला तेव्हाच माहीत होतं रे." हे ऐकून अण्णा सगळ्यांत जास्त खचले. खोट्यामुळे वाचवलेली पत मुळात वाचलीच नव्हती.

राहता राहिलं पत्र. माफी मागायला जाऊ का, असं विचारणाऱ्यांना मी थोडं तपशिलात सांगते, म्हणून इथेही सांगते. समोरची बाई आज सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची आहे. तिच्या घरी नवरा आहे, सुना असतील. त्या घरात अनोळखी पुरुषाचं पत्र आलं तर त्याचा खुलासा तिने द्यायचा. तिच्या नवऱ्याला साखरपुडा मोडल्याचं माहीत आहे का, आपल्याला ठाऊक नाही. पत्र फेकलं तरी ते आलं हे तिला विसरता येणार नाही. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या चळवळीत बारा पायऱ्या आहेत. नववी पायरी सांगते की ज्यांचं नुकसान केलं त्यांची शक्य तिथे थेट भरपाई करा, पण तसं केल्याने त्यांना किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर नको. दारू सोडलेली माणसं भावनेच्या भरात कुठवर जातात हे ज्यांना माहीत होतं, त्यांनीच हे कलम घातलंय. मारहाण, जबरदस्ती असं काही घडलेलं असेल तर मी आणखी स्पष्ट सांगते: तुम्ही निरोपही पाठवायचा नाही.

अण्णांच्या बाबतीत तिची कॉलेजातली एक मैत्रीण ओळखीतली निघाली. काकूंनीच शोधली. तिच्यामार्फत एकच प्रश्न विचारायचा ठरला: अमुक माणसाला त्या वेळच्या खोट्याबद्दल लेखी माफी मागायची आहे, तुला ते पत्र हवंय का? नाही म्हणाली तर विषय संपला, दुसऱ्यांदा विचारायचं नाही. पत्र तोवर सात-आठ ओळींचं झालं होतं. त्यात फिट हा शब्द होता, बैठकीत काय बोललं गेलं ते होतं, कुणाकुणाला खरं सांगितलं त्यांची नावं होती. भाच्याच्या स्थळाचं त्यात घालायचं की नाही यावर आम्ही खूप खल केला. मला वाटत होतं घालावं, काकूंना वाटत होतं ती नवी जखम होईल. काकूंचं ऐकलं.

पंधरा-वीस दिवसांनी मैत्रिणीचा निरोप आला. "ती म्हणाली, नको. आता कशाला."

अण्णा पुढच्या भेटीत धुमसत होते. "चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

"म्हणजे तिने तुमच्यासाठी रागवायचं, तेही?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. पत्र खिशातच होतं. त्याचं काय करू, असं मला त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठेवा कपाटात, नाहीतर फाडा, तुमचं आहे. त्यांनी ते ठेवलंय बहुतेक. कादंबरी वाचनालयात परत गेली, उशीर झाला म्हणून दंड भरून.

काकूंची स्वतःची यादी अजून चालू आहे. ज्या ज्या बायकांना आपण हे सांगितलं त्या आठवतील तशा गाठायच्या, असं त्यांनी घेतलंय. जाऊबाईंना सांगून झालं, विश्रामबागच्या भिशीतल्या दोघींना झालं. पुण्याला राहायला गेलेल्या जुन्या शेजारणीला फोन केला, तर ती म्हणाली, "कोण मुलगी गं? मला काहीच आठवत नाही." आणि तिथून पुढे अर्धा तास तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर बोलली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, आणि फोन ठेवायच्या आधी पुन्हा एकदा सांगितलं, की त्या मुलीला फिट येत नव्हत्या.